कोपरामागचा हं

४ जानेवारी

आत्या,

पोचल्यावर लगेच पत्र टाक म्हणाली होतीस आणि मी चांगले तीन आठवडे लावले. आधी मनातल्या मनात ओरडून घे, मग पुढे वाच.

इथे तिरंदाजी केंद्राच्या फाटकातच मोबाइल काढून घेतात. कापडी पिशवीत घालून, वर चिठ्ठी बांधून, कपाटात. रविवारी ऑफिसातल्या एकाच फोनवर सगळ्यांची रांग लागते, आणि क्लार्क शेजारी बसून कान टवकारून ऐकतो. म्हणून पत्र. खोलीत चार खाटा, चार पत्र्याची कपाटं, आणि कधीच पूर्ण बंद न होणारी एक खिडकी. मोजे वाळत नाहीत. ओले मोजे घालून सकाळी रेंजवर जायचं, तिथे निशाणाच्या ओल्या गवती गठ्ठ्यांचा वास. आईला यातलं काही सांगू नकोस, ती लोकरीचा ढीग पाठवेल.

आता खरं सांगते. आत्या, माझा बाण सुटत नाही.

धनुष्य उचलते, दोरी ओढते, हनुवटीला टेकते, निशाणाच्या कागदावरचं मधलं पिवळं समोर दिसतं. सगळं जिथल्या तिथे. आणि बोटं सुटतच नाहीत. मी त्यांना सांगते, सोडा. ती ढिम्म. मग हात कापायला लागतो, आणि मी दोरी हळूच परत पुढे नेते. पुन्हा ओढते. पुन्हा तेच. बाकीच्या पोरी बाण उपटायला निघतात तेव्हा माझे अर्धे भात्यातच असतात.

सरांनी धनुष्याला पत्र्याची एक बारीक पट्टी लावून दिली. बाण पुरता मागे आला की ती टक् करते. टक् झालं की सोडायचं, इतकं सोपं. सगळ्यांचे हात टक् ऐकतात. माझा हात म्हणतो, तू कोण?

परवा सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘कशाची वाट बघतेस?’’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘हं ची.’’ सगळी रांग हसली. मीही हसले. रात्री खाटेवर पडल्यावर मात्र हसू आलं नाही. खरंच आहे गं ते. आठवीपासून तू माझ्या उजव्या कोपरामागे उभी राहत आलीस. कोपर बरोबर रेषेत आलं की तू ‘हं’ म्हणायचीस आणि माझा बाण जायचा. स्पर्धेतसुद्धा तू मागे खोकल्यासारखा हं करायचीस, पंचांना वाटायचं बाईंना सर्दी आहे. मला कधी कळलंच नाही की सोडत कोण होतं.

तर एक काम कर. बाबांच्या मोबाइलवर तुझा हं रेकॉर्ड कर आणि छोट्या मेमरी कार्डावर घालून पाठव. सर सरावात कानात लावू देतील, मी विचारलंय. मार्चच्या शेवटी निवड चाचणी आहे. त्यात नाही जमलं तर इथून घरीच. मग मी आयुष्यभर तुझ्या सरावाच्या शेडमधल्या गठ्ठ्यांना पाणी मारत बसेन.

भिंगरी


११ जानेवारी

भिंगरे,

ओरडून झालं. आईला मोज्यांचं सांगितलं. ढीग येतोय.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग माझीच मला लाज वाटली. शरीर शिकतं, पण नेमकं काय शिकायचं ते आपल्याला विचारत नाही. समोर जे जे असेल ते सगळं उचलतं. मला वाटत होतं मी तुला कोपर शिकवतेय, आणि तुझा हात शिकत होता माझा घसा. पोहायला शिकताना डबा बांधतात तसा तो हं होता. डबा वेळेवर सोडायचा असतो. मी सोडला नाही, कारण तू जिंकत होतीस आणि मला मागे उभं राहायला आवडत होतं.

म्हणून हं मिळणार नाही. कार्डावर नाही, फोनवर नाही, पुडीत बांधूनही नाही. आज कानात घातलास तर चाचणीला कान उघडे ठेवून उभी राहशील आणि हात पुन्हा विचारेल, तू कोण.

त्याऐवजी हे कर. सरांना सांगून गठ्ठ्यावरचा कागद काढ. अगदी जवळ उभी राहा, चुकायलाच जागा नाही इतकी जवळ. डोळे मिट आणि सोड. सोडल्यावर डोळे लगेच उघडायचे नाहीत. आधी स्वतःशी सांगायचं, बाण कुठे लागला. वर, खाली, डावीकडे. मग बघायचं. पहिले काही दिवस थापा मारशील. हळूहळू थाप आणि बाण जवळ येतील. सर लगेच सांगायला लागले तर त्यांना म्हण, थांबा, आधी मी सांगते. दर बाणाला दुसऱ्याने निकाल सांगितला की आपलं आपल्याला कळेनासं होतं. त्याची शिकार तूच आहेस.

अंतरही बदलत राहा. एकाच जागेवरून शंभर बाण मारले की त्या संध्याकाळी फार छान वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. जवळून एक, लांबून एक, मधून एक. कंटाळा येईल, चुका होतील. होऊ देत. चुकताना शिकतो ते टिकतं.

आणि कोपराकडे लक्ष देऊ नकोस. पिवळ्याकडे बघ. कोपराला त्याचं काम येतं.

रविवारी फोनवर माझी वाट बघू नकोस. घसा बसलाय, कावळ्यासारखा आवाज येतोय. क्लार्कला उगाच करमणूक नको.

आत्या


२३ जानेवारी

आत्या,

तुझा उपाय चालतो. म्हणजे निम्मा.

डोळे मिटून, कागद काढून, जवळून सोडते तेव्हा बाण जातो. पहिला गेला तेव्हा मी इतकी दचकले की धनुष्यच पडलं. आता थाप आणि बाण बरेच जवळ आलेत. काल मी डोळे मिटूनच म्हटलं, ‘‘खाली, जरा उजवीकडे.’’ सर म्हणाले, ‘‘तुला पाठीला डोळे आहेत का गं?’’ ते तुला ओळखत नाहीत, पण तुझं पत्र त्यांनी मागून नेलं आणि दोनदा वाचलं.

पण कागद लावला की संपलं. पिवळं दिसलं रे दिसलं की हात बावळट होतो. पिवळ्याशी मी आयुष्यात कधी एकटी उभी राहिलेच नाहीये ना. परवा मी ओढून उभी राहिले आणि इतका वेळ उभी राहिले की शेजारची लांबी, माझ्याच खोलीतली उंच पोरगी, आपले सगळे बाण मारून बाजूला जाऊन पाणी पिऊन आली. मी तशीच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रडण्याचं नाही, न मिटल्यामुळे. निदान मी तिला तसं सांगितलं.

रविवारी फोन केला. बाबा म्हणाले तू बाहेर गेलीयेस. आत्या, मागे तुझ्या चपला वाजत होत्या. जिन्यावर डावी चप्पल ओढतेस, ते आख्ख्या गल्लीला माहीत आहे. मग बाबा हवापाण्याबद्दल बोलायला लागले. बाबा! हवापाण्याबद्दल!

घसा अजून बसलाय का? मग कावळ्यासारखा हं दे. मला कावळाही चालेल. सगळ्या सरावाला नाही लावणार, देवाशपथ. फक्त कागद लावून पहिला बाण जाईपर्यंत. एकदा गेला की हाताला कळेल की जातो. एकच हं, आत्या. इतकं काय मागतेय मी?

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरे,

नाही.

एक दिला की दुसरा मागशील. तुला लहानपणापासून ओळखते मी. झोपताना एक घोट पाणी म्हणून सुरुवात करायचीस आणि तांब्या रिकामा व्हायचा.

तू म्हणतेस, एकदा गेला की हाताला कळेल. हाताला कळेल की हं आला म्हणून गेला. पुन्हा पहिल्या घरात. तुला हे आवडणार नाही, पण तू ज्याला मदत म्हणतेस तोच आजार आहे.

सरांना सांग, कागद जवळच्या गठ्ठ्यावर लावा, पण उलटा. कोरी बाजू पुढे. मग कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ठिपका. मग जरा मोठा. पिवळं असं हळूहळू येऊ दे, चोरपावलांनी. घाई केलीस तर पुन्हा सगळं मुसळ केरात.

काल शेडमध्ये गेले होते. बंदच होती, कुलूप गंजलंय, तुझ्या बापाकडून तेल घालून घेतलं. गठ्ठे बसकण मारून बसलेत. तू उभी राहतेस तिथे जमिनीला दोन खळगे पडलेत, पावलांचे, एक जास्त खोल. डाव्या पायावर जरा जास्तच भार टाकतेस, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नाही आणि जमिनीला दिसलं. मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. समोर कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबले, एकदा हं म्हटलं, आणि कुलूप लावून घरी आले. म्हातारपणी माणूस असलाच वेडेपणा करतं.

पुढचे काही आठवडे पत्र आलं नाही तर कुरकुर करू नकोस. शाळेने मैदान नव्याने आखायला घेतलंय आणि मला बोलावलंय. उन्हात उभं राहून चुन्याच्या रेषा मारायच्या. फोनवरही सापडणार नाही. तू तुझं काम कर.

मोजे मिळाले का?

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

मिळाले.

तू शाळेच्या मैदानावर चुना मारायला जातेस, रिकाम्या शेडमध्ये जाऊन हं म्हणतेस. गठ्ठ्यांना हं मिळतो. मला नाही.

मला कळलंय काय झालंय ते. मी इथे आले याचा तुला राग आहे. मला पाठवलंस तूच, फॉर्मवर सही घ्यायला बाबांच्या मागे लागलीस तूच, पण आत कुठेतरी तुला वाटत होतं की माझं तुझ्यावाचून अडावं. अडलंय. आता खूश? फोनवर येत नाहीस, बाबांना खोटं बोलायला लावतेस, आणि मला पत्रातून शास्त्र शिकवतेस. ठिपका काढ, मोठा कर, चोरपावलांनी. मी पहिलीतली पोर आहे का?

काल सरावाच्या चाचणीत माझे निम्मे बाण सुटलेच नाहीत. वेळ संपली. सर खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. रात्री जेवले नाही.

तुझा हं तुझ्यापाशीच ठेव. कपाटात ठेव, वरून कुलूप लाव, तेल घाल. कुणाला द्यायचाच नसेल तर मरेपर्यंत पुरेल तुला.

भिंगरी


५ मार्च

आत्या,

तुझं उत्तर नाही. मीही नसतं दिलं.

मी वाईट लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यावर लगेच हात घालून बघितला होता, पण पेटीचं तोंड अरुंद आहे.

फोन केला तर आई उचलते आणि म्हणते, आत्या मैदानावर. इतका चुना कुठलं मैदान खातं? बाबा तर फोनवर येतच नाहीत. तुम्ही सगळे मिळून माझ्यावर रुसला आहात का?

कोऱ्या कागदावरचा ठिपका आता बशीएवढा झालाय. तुझंच ऐकतेय, तुला न सांगता. कधी सुटतो, कधी नाही. दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

भिंगरी


२९ मार्च

आत्या,

सुटला!

सगळं नीट सांगते. काल चाचणी होती. धुकं होतं, गठ्ठे अर्धे दिसत होते. पहिल्या फेरीला मी ओढून उभी राहिले आणि हात पुन्हा अडला. शेजारून टक्, टक्, टक् ऐकू येत होतं आणि बाण जात होते. मी दोरी पुढे आणली. दुसऱ्यांदा ओढली. पुन्हा तेच. वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला. मला वाटलं, झालं, सामान बांधायचं.

मग मला पाठीला गार लागलं. खरंच गार, वारा आला होता, सदरा घामाने ओला होता. आणि माझ्या डोक्यात आलं की मागे कुणीच नाहीये. म्हणजे ते मला माहीत होतं गं, तीन महिने माहीत होतं, पण पाठीला आत्ता कळलं. आता कुणी म्हणणार नाही. वाट बघायला कुणी उरलंच नाही. मी काही ठरवलं नाही, बोटांना काही सांगितलं नाही. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्यातच बाण गेला.

पिवळ्यापासून लांब, निळ्यात लागला! निळ्यात! तू असतीस तर डोक्याला हात लावला असतास. मी मात्र बघायच्या आधी म्हटलं होतं, वर, डावीकडे. बरोबर निघालं.

पुढचे सगळे गेले. सगळे चांगले नाहीत, पण गेले. एकही परत पुढे आणला नाही. संध्याकाळी फळ्यावर नावं लागली. मी शेवटची, राखीव म्हणून. कुणी आजारी पडली तर मी. लांबीने मला उचलून गरागरा फिरवलं. सर म्हणाले, आत्याला कळव.

तू बरोबर होतीस. कानात हं असता तर काल कान उघडे ठेवून उभी राहिले असते. माझं ते पत्र फाडून टाक. फाडलं असशीलच. आता तरी फोनवर ये ना. या रविवारी. मला तुझ्या तोंडून काहीतरी ऐकायचंय, ओरडा असला तरी.

तुझीच
भिंगरी


३ एप्रिल

बाळा,

मी बाबा. मला पत्र लिहिता येत नाही हे तू जाणतेस. आईने दोनदा सुरुवात करून दिली, दोन्ही फाडली. बसून वाच.

तुझी बातमी वाचून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाटीवर लिहिलं, ‘आता सांग.’ म्हणून सांगतो. चाचणी होईपर्यंत सांगायचं नाही अशी शपथ तिने आम्हा दोघांना घातली होती.

ताईचा घसा बसला नव्हता. घशात गाठ होती. तू गेल्यानंतर कळलं. ९ फेब्रुवारीला ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटी काढावी लागली. सगळी. आता ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते. पाटीवर लिहून बोलते. मैदान नव्हतं, चुना नव्हता, सगळं तिनेच रचलं होतं.

तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा ती हॉस्पिटलात होती. तिने खुणेने सांगितलं, वाच. मी मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य गाळलं. तिला कळलं. हातातून पत्र घेऊन तिने तेच आधी वाचलं. मला वाटलं आता काय होतंय. तर ती हसली. आता हसताना आवाज येत नाही, खांदे हलतात. पाटीवर लिहिलं, ‘पोरगी पेटली. आता सुटेल.’

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घरच्यांसाठी काही बोलून ठेवायचं असेल तर ठेवा. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. आईसाठी बोलली, गॅसचं बटण बंद करत जा, दिवसातून दोनदा बघत जा. मला बारक्या म्हणून चार शिव्या घातल्या, त्या आहेत. मी म्हटलं, भिंगरीसाठी एक हं दे. नाही म्हणाली. म्हटलं, बरं, हं नको, दुसरं काही बोल, नुसती हाक मार. म्हणाली, ‘‘मी काहीही बोलले तरी ती त्यातून हं शोधून काढेल. बंद कर.’’ मी बंद केलं. बाळा, मी बंद करायला नको होतं. मी लहान भाऊ, आयुष्यभर तिचंच ऐकत आलो.

तू राखीव झालीस हे फार चांगलं झालं. जेवत जा.

बाबा


९ एप्रिल

आत्या,

मी काय लिहू तुला? ‘मरेपर्यंत पुरेल’ असं मी लिहिलं आणि तू गळ्यात नळ्या घालून ते वाचलंस. मला दिवसभर तेच दिसतं. मी माफी मागणार आहे, समोर येऊन, पत्रात नाही. पत्रात मला भांडायचंय.

तू बरोबर होतीस. हात सुटला, शास्त्र जिंकलं. त्या बरोबर असण्याचं मी काय लोणचं घालू?

मला हं बाणासाठी हवा होता हे खरं आहे. तेव्हा. पण तुला माहीत होतं आत्या, दुसऱ्या दिवशी तुझा आवाज जाणार आहे हे जगात तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. तू कोपरामागे उभी राहूनच विचार केलास. पोरीला सवय लागेल. अगं, मी सरावाला नसता लावला. बाबांनी कपाटात ठेवला असता. मी म्हातारी झाल्यावर, धनुष्य उचलवेनासं झाल्यावर एखाद्या दुपारी ऐकला असता. मला त्याचं काही करायचं नव्हतं. नुसता ऐकायचा होता. शेडला दिलास, गठ्ठ्यांना दिलास, त्यांना कान तरी आहेत का?

काल रेंजवर कुणी नव्हतं तेव्हा डोळे मिटून तुझा आवाज आठवायला बसले. तू बोललेली वाक्यं आठवतात, एकूण एक. आवाज येत नाही. जोर लावला की येतो तो माझाच. पिवळ्यापुढे हात अडतो ना, तसं होतं. जितकं ओढावं तितकं अडतं.

मे महिन्यात सुटी आहे. मी येतेय. तू पाटी घेऊन बस, मी तोंडाने भांडते.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरे,

भांड. पण सांभाळून, पाटी लाकडी आहे.

तू लिहिलंस ते मला सुचलंच नाही. खरं सांगते. मी खूप विचार केला होता, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हापासून रात्रभर, आणि तो सगळा विचार चाचणीपर्यंत जाऊन थांबायचा. त्यापुढे तू असशील आणि मी नसेन, आणि तुला कधीतरी दुपारी रिकामा वेळ असेल, हे डोक्यातच आलं नाही. तुझा बाप बावळट, पण त्याला ते कळलं होतं. मी त्याच्यावर ओरडले. शेवटचं ओरडले ते त्याच्यावरच. मला फार वाईट वाटतंय गं. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू?

इथे माझी शाळा सुरू झालीय. बोलायला शिकवणारी एक बाई येते, तुझ्याहून थोडी मोठी, नखं रंगवलेली. हवा गिळायची आणि ढेकर देतात तशी वर आणायची, आणि त्या ढेकरावर अक्षर बसवायचं. ऐकायला घाण लागतं. गिळण्याकडे लक्ष दिलं की गळा घट्ट मिटतो, काहीच निघत नाही. ती म्हणते, गळ्याकडे बघू नका, समोर ज्याला सांगायचंय त्याच्याकडे बघा. मी आयुष्यभर हेच विकलं आणि आता विकत घेताना मला पटत नाही. आरशासमोर बसून गळ्याकडेच बघते. तुझ्या हाताला मी नावं ठेवली, माझा गळा त्याच्याहून हट्टी निघाला.

पहिला ‘प’ आला. मग ‘त’, मग ‘क’. ही अक्षरं तोंडातच फुटतात, म्हणून येतात. ‘ह’ येणार नाही असं ती म्हणाली. ‘ह’ला छातीतला वारा लागतो, आणि माझा वारा आता गळ्यातूनच परस्पर बाहेर पडतो. मी पाटीवर लिहून विचारलं, हं? तिने मान हलवली आणि आपल्या नखांकडे बघत बसली. तिला काय माहीत मी काय विचारलं ते.

तुझी हाक घोटतेय. ‘भ’ जमत नाही, ‘ग’ही नाही. ‘पिंकरी’ असं काहीतरी होतं. ते चालवून घे.

तुझा बाप समोर बसतो आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतो, ‘‘हं, कळलं.’’ त्याला मी गप्प बसवलंय. प्रत्येक शब्दाला शाबासकी मिळाली की शिकणं लांबतं, हे त्याला पाटीभर लिहून दिलं. तो बिचारा आता दाताखाली ओठ दाबून बसतो.

पण एक गोष्ट तो म्हणाला ती माझ्या मनातून जात नाही. म्हणतो, फोनवर ऐकताना भिंगरी मधेमधे हं म्हणते ना, तो अगदी ताईचा. तूही लिहिलंस, आठवायला गेलीस तर तुझाच येतो. मी तुला तेवढा वेळ मागे उभी राहून ऐकवला, तुझ्या हाताने उचलला, मग गळ्याने नाही का उचलणार?

मेमध्ये ये. शेडचं कुलूप काढू. मी तुझ्या त्या दोन खळग्यांत उभी राहीन आणि तू माझ्या जागेवर, मागे. मी शब्द काढेन. नीट निघाला की तू हं म्हण. नाही निघाला तरी म्हण. मला सवय लागेल हे मला माहीत आहे. सवय मोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला डॉक्टरीणबाईंनी देऊ केलेला नाही, आणि मला कुठल्या चाचणीला उभं राहायचंय?

तू आपली दर वेळी म्हणत जा.

आत्या